वर्गातल्या हवेची राखण

शाळेची तपासणी म्हटली की हजेरीपत्रक, पोषण आहाराचा साठा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, दप्तराची रुजुवात अशी एक ठरलेली फेरिस्त मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूचे सेवन प्रत्येक विद्यार्थी शाळेत पाऊल ठेवल्यापासून घरी परतेपर्यंत अखंड करीत असतो, त्या हवेसाठी या फेरिस्तीत एकही रकाना नसतो. पाणी गढूळ झाले तर ते दिसते, खिचडी करपली तर मूल ताट बाजूला सारते. हवा बिघडली तर मात्र मूल जांभया देते, डोळे चोळते, शेवटच्या तासाला बाकावर डोके टेकते, आणि आपण त्याचा दोष त्याच्या आळसाला देतो. हा लेख त्या रिकाम्या रकान्यासाठी आहे.

वैतरणेचे पूल ओलांडून गाडी सफाळ्याकडे निघाली, की केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव असा जो पट्टा सुरू होतो, त्यात शाळांच्या हवेला बिघडवणारी जवळजवळ सर्व कारणे थोड्या थोड्या अंतरावर एकत्र नांदतात. नदीकाठच्या गावांत पावसाळा सरताच वीटभट्ट्या पेटतात. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात खडी फोडली जाते. गावठाणात आणि पाड्यांवर अजून चुली आहेत. आणि बोईसरच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, जिचा क्रमांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात देशातील शंभर औद्योगिक समूहांमध्ये ९३.६९ गुणांनी पहिला लागला होता. कारखान्यांच्या धुराड्यांवर शाळेचा अंमल चालत नाही, हे खरे. म्हणूनच ज्या गोष्टीवर तिचा अंमल चालतो ती काटेकोरपणे सांभाळणे हे तिचे कर्तव्य ठरते. ती गोष्ट म्हणजे खिडकी. या मुलखात तीच खिडकी एका प्रहरी औषध असते आणि दुसऱ्या प्रहरी अपाय. तेव्हा ती केव्हा उघडावी व केव्हा लावावी याचा निर्णय कोणा एकाच्या नेमून दिलेल्या जबाबदारीत असला पाहिजे. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचा सारा विस्तार त्याचाच आहे.

खिडकी बंद ठेवल्याने काय होते, याचा हिशेब सातवीचा विद्यार्थीही मांडू शकेल. वीस फूट रुंद, पंचवीस फूट लांब आणि अकरा फूट उंच अशा वर्गात सुमारे १५६ घनमीटर, म्हणजे १,५६,००० लिटर हवा मावते. प्राथमिक वयाचे एक मूल बसल्या जागी तासाला सुमारे बारा लिटर कर्बवायू उच्छ्वासातून बाहेर टाकते. चाळीस मुले मिळून ४८० लिटर. खोली पुरती बंद असेल तर एका तासात कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत तीन हजार भागांनी वाढते, आणि बाहेरच्या हवेतील मूळचे चारशेवीस त्यात मिळवले की आकडा साडेतीन हजारांच्या घरात जातो. म्युनिकच्या माक्स फॉन पेट्टेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली राहत्या खोलीसाठी दहा लाखांत एक हजार ही मर्यादा सुचवली होती, आणि आजही वर्गासाठी हजार ते पंधराशे हाच व्यवहार्य मापदंड मानला जातो. साडेतीन हजारांवर कर्बवायू स्वतः विषारी ठरतो असे नव्हे. परंतु एकाच्या फुप्फुसातून निघालेली हवा दुसरा कितपत घेत आहे याचे ते अचूक माप आहे, आणि सर्दी, गोवर, क्षय यांचा प्रसार त्याच मार्गाने होतो.

पालघर जिल्ह्याला मोकळ्या हवेतील शाळा ही काही परकी कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे जे कार्य आरंभले व पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले, त्यात अंगणवाडी होती आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही होती. मुलांना इमारतीत ओढून आणण्याऐवजी शिक्षणच अंगणात आणि कुरणात गेले. त्यामागचा मुख्य हेतू शिक्षण मुलांच्या दारी नेण्याचा होता, आरोग्याचा नव्हे. तथापि झाडाखाली भरणाऱ्या वर्गाला वायुवीजनाची चिंता पडत नाही, ही गोष्ट आपल्या सिमेंटच्या खोल्या बांधताना आपण विसरलो. आजही वाचनाचा, गाण्याचा, हस्तकलेचा तास हवा स्वच्छ असेल त्या दिवशी व्हरांड्यात किंवा आंब्याखाली घ्यावा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही आणि तेवढ्या वेळात रिकामा वर्ग आपोआप धुऊन निघतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिली फेरी कोणत्याही यंत्रावाचून करावी, आणि ती मुले वर्गात असताना, दुपारच्या सुट्टीच्या थोडी आधी करावी. बाहेर दोन मिनिटे थांबून मग वर्गात शिरावे. आत पाऊल टाकताच जो कोंदटपणा जाणवतो तीच खरी साक्ष, कारण पाच मिनिटांत नाक त्याला सरावते आणि वर्गशिक्षकाचे नाक तर केव्हाच सरावलेले असते. मग खिडक्या मोजाव्यात. नकाशावरील नव्हे, उघडणाऱ्या. अनेक शाळांत असे आढळते की एका खिडकीपुढे कपाट आहे, दुसरीवर तक्ते टांगले आहेत, तिसरीची कडी गंजून बसली आहे, चौथी संगणकांच्या चोरीच्या भयाने खिळे ठोकून बंद केली आहे, आणि डिजिटल वर्ग म्हणून जी खोली कौतुकाने दाखवली जाते तिथे पडद्यावरचे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून सगळ्या काचांना काळा कागद चिकटवला आहे. चोरीचे भय खरे आहे, म्हणून गज बसवावेत, पण झडपा हलत्या राहू द्याव्यात. प्रकाश नको असेल तर पडदा लावावा, काच बंद करू नये. डासांची जाळी असेल तर तिच्यावरून बोट फिरवावे. धुळीने भरलेली जाळी अर्धी हवा अडवते, आणि ती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

हवा खेळते की नाही हे पाहण्यास एक उदबत्ती पुरे. पंखा बंद करून ती खिडकीच्या चौकटीशी, दाराशी आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत क्षणभर धरावी; धूर एका बाजूने आत व दुसऱ्या बाजूने बाहेर जात असेल तर आरपार वारा आहे, आणि जागीच घोटाळत असेल तर त्या कोपऱ्यातल्या मुलांना दिवसभर शिळी हवा मिळते आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्ध्या उघडलेल्या दोन खिडक्या एकाच भिंतीतल्या चार पूर्ण उघड्या खिडक्यांपेक्षा अधिक काम करतात. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: छताचा पंखा हवा हलवतो, बदलत नाही, आणि भिंतीवर बसवलेले वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते, बाहेरची घेत नाही. ज्या खासगी शाळांनी वातानुकूलित वर्ग हे आपले भूषण म्हणून जाहीर केले आहे, त्यांच्याकडे पालकांनी शुल्काच्या पावतीबरोबर ताज्या हवेची तजवीज काय आहे हेही विचारावे.

खिडकी उघडण्याची वेळ मात्र वाऱ्यावरून ठरवावी लागते. किनारपट्टीवर दिवस वर आला की समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहू लागतो आणि रात्री तो उलटतो. औद्योगिक वसाहत समुद्र आणि रेल्वेमार्ग यांच्या मध्ये असल्याने दुपारचा खारा वारा तिच्यावरून बोईसर शहराकडे व पूर्वेकडच्या गावांकडे येतो, आणि उत्तररात्रीचा वारा तिचा वास नवापूर, आलेवाडी, नांदगाव या किनाऱ्याच्या बाजूस नेतो. म्हणजे एकाच तालुक्यातील दोन शाळांचे वेळापत्रक हवेच्या बाबतीत एकमेकांच्या उलट असू शकते. शाळेच्या गच्चीवर किंवा ध्वजस्तंभाजवळ कापडाची एक पट्टी बांधावी आणि पंधरा दिवस सकाळी, दुपारी व सुटताना ती कोणत्या दिशेला फडफडते हे मुलांकडूनच लिहून घ्यावे. भूगोलाचा एक चांगला पाठही होतो आणि शाळेला स्वतःचा वारा कळतो. हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रात्री जमीन गार पडली की तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली दडपून राहते, भट्ट्यांचा आणि चुलींचा धूर वर जात नाही, आणि सूर्य बराच चढेपर्यंत तो गावावर निळसर पसरलेला असतो. सकाळी सातच्या सत्राने या ऋतूत खिडक्या सताड उघडणे आणि मैदानावर कवायत घेणे टाळावे. खिडक्या किलकिल्या ठेवून, धुके निवळल्यावर, पहिल्या सुट्टीत त्या पूर्ण उघडाव्यात आणि कवायतीचा तास शेवटी न्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले ते मुलांच्या झोपेचा विचार करून. या पट्ट्यात त्याचा लाभ श्वासालाही होतो.

बाहेरच्या धुराइतकेच शाळा स्वतः काय निर्माण करते तेही पाहावे. पोषण आहार जिथे अजून लाकडावर शिजतो, तिथे स्वयंपाकाची शेड वाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे हे पहिल्यांदा तपासावे. धूर वर्गाकडे येत असेल तर गॅस मिळेपर्यंत निदान चूल दुसऱ्या टोकाला न्यावी, आणि त्या धुरात रोज तास-दोन तास उभ्या राहणाऱ्या स्वयंपाकी ताईंचा विचार मुलांच्या आधी करावा. पालापाचोळा, कागद व प्लॅस्टिकचे वेष्टन मैदानाच्या कोपऱ्यात पेटवण्याची रीत तत्काळ बंद करावी; पाला खड्ड्यात कुजवावा. केर मुले येण्यापूर्वी काढावा, आणि कोरडा झाडू मारण्याऐवजी ओले फडके फिरवावे, कारण झाडूने उडालेली बारीक धूळ बराच वेळ खाली बसत नाही. डस्टर वर्गात झटकू नये, पहिल्या बाकावर तर मुळीच नाही. स्वच्छतागृह धुताना आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, ही ताकीद लेखी लावावी. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत तो झाडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. माध्यमिक शाळेतील प्रयोगशाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे साठलेल्या, लेबले गळालेल्या बाटल्या असतात; त्या उघडून हुंगू नयेत, यादी करून जाणकाराकडून त्यांची विल्हेवाट लावावी. रंगकाम दिवाळीच्या सुट्टीच्या आरंभी उरकावे, शेवटी नव्हे, म्हणजे शाळा उघडेपर्यंत वास निघून जातो.

पावसाळ्यात प्रश्न पालटतो. इथे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, आणि ओलीवर काळी-हिरवी बुरशी चढते. तिच्या सूक्ष्म बीजकणांनी दमेकरी मुलाचा आजार बळावतो. बुरशीवर रंगाचा हात मारून ती झाकणे हा उपाय नव्हे. रंग महिन्याभरात पोपडे होऊन सुटतो. आधी पाणी कुठून येते ते शोधावे, म्हणजे फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, जोत्याशी साचलेले डबके. मग ओला भाग नाक-तोंड झाकून, ओल्या ब्रशने घासून काढावा आणि सुकल्यावर साधा चुना द्यावा, कारण ताज्या चुन्याच्या क्षारधर्मामुळे बुरशी सहज धरत नाही आणि भिंतीलाही श्वास घेता येतो. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर अधिक जपावे. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा शाबूत असेपर्यंत फारसे भय नाही, पण त्याला भोक पाडणे, तो करवतीने कापणे, फुटलेले तुकडे कोरड्या झाडूने गोळा करणे किंवा मुलांकडून उचलून घेणे सर्वस्वी वर्ज्य मानावे.

यंत्रे यानंतर यावीत. कर्बवायू मोजणारे, अवरक्त किरणांवर चालणारे छोटे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते, आणि एका केंद्रातील दहा शाळांनी मिळून एक घेतले तरी भागते. ते मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून व कोणाच्याही तोंडापासून हातभर दूर ठेवावे. शाळा भरताना, सुट्टीपूर्वी, सुट्टीनंतर आणि सुटताना आकडा टिपावा. आणि आठवड्यातून एकदा ते मोकळ्यावर नेऊन चारशेच्या आसपास दाखवते ना, हे पडताळावे. सूक्ष्म धूलिकण मोजणाऱ्या स्वस्त यंत्राबद्दल अधिक सावध असावे: ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून अंदाज करते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजते, म्हणून पावसाळ्यातील व धुक्याच्या सकाळचा त्याचा आकडा फुगलेला असतो. तरीही एका वर्गाची दुसऱ्याशी, किंवा खिडकी उघडी असतानाची बंद असतानाशी तुलना करण्यास ते उपयोगी पडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कणांसाठी भारताची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली. पहिली ओलांडली गेली त्या दिवशी मैदानी खेळ आवरते घ्यावेत, आणि दुसरी हे दूरचे उद्दिष्ट मानावे.

नाकाची साक्ष घेताना एक विवेक ठेवावा. सातपाटी किंवा मुरबे येथील शाळेत सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, तो अपायकारक नाही आणि त्याची तक्रार करणे त्या गावाच्या रोजगारावर अन्याय आहे; उलट जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो, म्हणून जनित्र वर्गाच्या खिडकीखाली कधीही चालवू नये. वासाचा प्रकार मात्र लिहून ठेवावा: नासक्या अंड्यासारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइड, मुतारीसारखा झोंबणारा असेल तर अमोनिया, ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा असेल तर गंधकाचा वायू, असा अंदाज बांधता येतो. नासक्या अंड्यासारखा वास तीव्र येऊन अचानक नाहीसा झाला तर वायू गेला असे समजू नये. तो वायू वाढला की नाकच बधिर होते.

गळतीचा किंवा स्फोटाचा प्रसंग या सगळ्याहून निराळा. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर वसाहतीत झालेल्या स्फोटाचा हादरा कित्येक गावांनी अनुभवला आहे. अशा वेळी मुलांना घाईने रस्त्यावर सोडू नये. अधिकाऱ्यांची स्पष्ट सूचना येईपर्यंत दारे-खिडक्या लावाव्यात, पंखे, वातानुकूलन व हवा बाहेर फेकणारे पंखे बंद करावेत, फटींत ओली फडकी सारावीत, आणि ११२ क्रमांकावर कळवावे. बाहेर काढण्याचाच हुकूम झाला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये, त्याला आडवे होऊन निघावे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या परिसरातल्या गावांना आणीबाणीच्या रंगीत तालमीतून आसऱ्याला थांबण्याची ही शिस्त परिचित आहे. वायूचा लोट ओसरला की मात्र सर्व खिडक्या एकदम उघडाव्यात, कारण त्या क्षणापासून आतली हवा बाहेरच्याहून वाईट असते. हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो. ही तालीम वर्षातून दोनदा घ्यावी, एकदा पावसाळ्यात.

हे सारे एका नोंदवहीत यावे. रोज दोन ओळी पुरेत: तारीख, वाऱ्याची दिशा, खिडक्या केव्हा उघडल्या, वास आला काय, खोकला किंवा डोळ्यांची आग किती मुलांना झाली, कोण किती दिवस गैरहजर राहिला. प्रत्येक वर्गात दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांच्याकडे खिडकीचा ताबा नावानिशी द्यावा, आणि शिक्षण हक्क कायद्यान्वये जिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत ही वही ठेवावी. तक्रार करावयाची झाल्यास "फार वास येतो" असा अर्ज निष्फळ ठरतो. तारीख, तास, दिशा, वासाचा प्रकार व बाधित मुलांची संख्या असलेला महिन्याचा उतारा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूरच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांकडे व प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा, पोच घ्यावी, आणि पोचेवरील आवक क्रमांक वहीत उतरवावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा तीच वही डॉक्टरांपुढे ठेवावी. वारंवार धाप लागणारी मुले त्यांना एरवी अर्ध्या तासात ओळखता येत नाहीत.

आश्रमशाळांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण तेथील मूल रात्रीही त्याच छपराखाली असते. निजायच्या खोलीत सुरक्षिततेसाठी खिडक्या लावून, डासांसाठी कॉईल पेटवून मुले दाटीने झोपतात. आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉईल जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण पंचाहत्तर ते एकशेसदतीस सिगारेटींइतके भरतात. कॉईल बंद करून प्रत्येक बिछान्यास मच्छरदाणी द्यावी, गजांमागच्या वरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवाव्यात, बिछान्यांत हातभर अंतर राखावे, आणि खोकणाऱ्या मुलाला दोन आठवड्यांहून अधिक थांबवून न ठेवता थुंकीच्या तपासणीस प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

एखादा कारखाना सामाजिक दायित्वाच्या निधीतून हवाशुद्धीकरण यंत्रे देऊ करील. ती नाकारण्याचे कारण नाही, परंतु ती धूळ गाळतात, कर्बवायू काढीत नाहीत, तेव्हा खिडकीची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांचे गाळणे वेळेवर बदलले नाही तर ती निरुपयोगी होतात. म्हणून देणगीपत्रावर सही करण्यापूर्वी खोलीच्या मापाला यंत्र पुरेसे आहे काय हे पाहावे, तीन वर्षांच्या गाळण्यांचा व विजेचा खर्च दात्याकडून लेखी घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर त्याच रकमेतून समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, स्वयंपाकघराला गॅस आणि वसतिगृहाला मच्छरदाण्या मागून घ्याव्यात.